खोलीची शांतता

वस्तू बोलत आणि माणसं ऐकूनही घेत, त्या काळातली ही गोष्ट. ध्वनिमुद्रक सोनटक्के आपल्या स्टुडिओसाठी दोन स्वस्तातले हेडफोन आजमावत होते, एक काळा आणि एक सोनेरी. गाण्याआधी रिकाम्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची त्यांची पद्धत होती. आज तीच त्यांनी दोघांना ऐकायला लावली.

काळा दचकला. "साहेब, आत कुणीतरी श्वास घेतंय."

काचेपलीकडे खोली रिकामी होती. सोनटक्के वैतागले. "तुझं नेहमीचंच! काल गाणाऱ्या बाईंचा सूर उतरला म्हणालास, त्या रुसून गेल्या."

"उतरला होता, साहेब."

सोनेरी लाडात म्हणाला, "मला तर मखमली शांतता ऐकू येतेय."

"याला म्हणतात पैसा वसूल!" सोनटक्क्यांनी काळा खुंटीला अडकवला, पण त्याची वायर काढायची राहिली. मग माईक सरकवायला ते आत गेले. जाड दार आपसूक लागलं.

काळ्याला आता दोन श्वास ऐकू येऊ लागले. त्याने जिवाच्या आकांताने हाका मारल्या, पण खुंटीवरच्या हेडफोनचं ऐकणार कोण? थोड्या वेळाने एकच श्वास उरला. तो सोनटक्क्यांचा नव्हता.

टेबलावर सोनेरी समाधानाने म्हणाला, "वा! काय शांतता आहे!"