न म्हटलेलं ‘या’

“पण बुवा, तिनं मला ‘या’ का म्हटलं नाही?”

कर्नल ऑल्डरिज मठीच्या पायरीवर टेकला तो हे विचारतच. पायातले बूट काढायचंही भान त्याला राहिलं नव्हतं.

सिद्धगीर बुवा फाटक्या घोंगडीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुनी?”

“वेणूबाई शेलारनं. तिच्या मुलाचं पदक द्यायला आलो होतो. तिनं पदक घेतलं, गूळपाणी दिलं. उठताना मी रीतसर म्हणालो, ‘येतो, बाई.’ तर बाई मूग गिळून बसली!”

साहेबाला आपल्या मराठीचा भारी अभिमान. मराठीच्या परीक्षेत तो पहिला आला होता, आणि हे चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला तेव्हा तो कोवळा लेफ्टनंट होता. दुसऱ्यात इटलीला गेला तो पलटणीचा मोठा साहेब होऊन. आता सत्तेचाळीसचा ऑगस्ट उलटला होता, आणि आठवड्याभरात त्याची विलायतेची बोट सुटणार होती.

“मी काही चुकीचं बोललो का?”

“बोलला बरूबर.”

“मग? निघणारा ‘येतो’ म्हणतो, घरचं माणूस ‘या’ म्हणतं. तुमच्याकडे वैऱ्यालासुद्धा म्हणतात.”

“म्हंत्यात.” बुवांनी दोरा दातानं तोडला. “तिचा मालक तुमच्याच हाताखाली व्हता न्हवं?”

“तात्याबा. होय. बसऱ्याच्या लढाईत काटेरी तारा तोडायला मीच पाठवला त्याला.”

“जाताना काय म्हनला?”

“‘येतो, साहेब.’”

“आन् तुमी?”

“‘जा’ म्हणालो. एकवीस वर्षांचा होतो, बुवा. हुकमाचे चार शब्द तेवढे पाठ होते.”

ही सबब खरी होती. म्हणूनच तर साहेबानं ती तीस वर्षं जपली होती.

बुवांनी सुईत नवा दोरा ओवला.

“आन् पोरगा?”

साहेबानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“निवृत्ती... इटलीत एका पुलावर पाठवला. तोही ‘येतो’च म्हणाला.”

“तवा तर मराठी येत व्हतं तुमास्नी.”

बघणाऱ्यालाच वाईट वाटावं अशी ती वेळ होती. पन्नाशी ओलांडलेला माणूस, छातीवर दोन्ही लढायांच्या फिती, आणि मांडीवरची टोपी उगाच फिरवत बसलेला.

“येत होतं,” तो म्हणाला. “पण त्या पुलावरून कुणी परतणार नाही, हे मला ठाऊक होतं. पलटण मागं घ्यायची होती, तोवर कुणीतरी तिथं थांबायला हवं होतं. त्याला ‘ये’ म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. मी माझ्या शिपायांशी कधी खोटं बोललो नाही, बुवा.”

“मग काय म्हनला?”

“‘जा.’”

“आन् त्यो?”

“माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला... थोडा वेळ. मग गेला.”

मठीमागं कुणाची तरी म्हैस हंबरली. बुवांची सुई थांबली होती.

“तुम्ही तिला सांगा, बुवा,” साहेब एकदम म्हणाला. “तुमचं ती ऐकेल. फक्त एकदा ‘या’ म्हणू दे. मी या देशात पुन्हा येणार नाही. तेवढं तरी मला घेऊन जाऊ द्या.”

बुवांनी घोंगडी बाजूला सारली आणि पहिल्यांदाच साहेबाकडे नीट पाहिलं.

“पुन्यांदा येनार न्हाई म्हंता?”

“नाही.”

“मग तिनं खोटं का बोलावं, साहेब?”