खरवडलेला बिल्ला

फार मागे, गावची तरणी पोरं आगबोटीत बसून परक्या राजाच्या लढाईला गेली होती, तेव्हाची ही गोष्ट. ठकूबाईच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे चेहरे उठवलेले चांदीचे टाक ओळीने बसले होते. एके सकाळी तिने त्यांच्याशेजारी एक पितळी बिल्ला ठेवला. त्याचा चेहरा पार खरवडलेला होता.

"भंगलेलं देव्हाऱ्यात चालत नाही," थोरला टाक गुरकावला. "नदीत सोडा याला!"

घंटेला मात्र राहवेना. "का रे, कुणी केली तुझी ही दशा?"

"ठकूबाईनेच," बिल्ला म्हणाला. "लढाई संपली, तह झाला, म्हणून सरकारने गावात बिल्ले वाटले. माझ्यावर राजाचा मुखडा होता. लढाईला गेलेला तिचा लेक राणोजी काही परतला नाही. मीच आलो."

"म्हणून रागाने घासलं तुला?"

"रागाने घासलं असतं, तर उकिरड्यावर गेलो असतो. तिला राणोजीचा टाक करायचा होता, त्यासाठी कोरी जागा हवी होती. मग तिने खिळा घेतला."

घंटेने निरखून पाहिलं. ओरखड्यांत खरंच एक वाकडातिकडा फेटा होता, कोवळ्या मिशा होत्या.

थोरला टाकही वाकून पाहू लागला. मग म्हणाला, "सरका रे सगळे. आपलं पोर आलंय."