दोरावर कोण?

बोट दाखवू नका त्या कड्याकडे. बघायचंय तर नुसतं बघा. काळी सुपं टांगल्यासारखी दिसतात ना, ती आग्या मोहोळं. सगळ्यात खालचं, मोठं, ते येसूचं. त्याला कोयता लावत नाहीत, खाली धूर करत नाहीत. मागे एकाने हौसेने ड्रोन उडवला, त्याला झोळीत घालून न्यावं लागलं. बरं झालं.

बसा आता. फार जुनी गोष्ट आहे. ह्या पोळकड्याखाली धाकू नावाचा मधपाळ राहायचा म्हणे. वरून दोर सोडून उतरायचा, अर्धं पोळं कापायचा, अर्धं माश्यांना ठेवायचा. तेव्हा दोर धरायला सख्खा भाऊ उभा करायची रीत होती. रक्त रक्ताला दगा देत नाही, असं लोक मानायचे. मानायला काय जातंय? धाकूचा दोर त्याचा धाकटा भाऊ लखू धरायचा, आणि लखूचा डोळा होता धाकूच्या बायकोवर, येसूवर. त्या काळी थोरला मेला की त्याच्या विधवेचा पाट धाकट्याशी लावत. म्हणजे भाऊ मेला तर ज्याचा फायदा, त्याच्याच हातात भावाचा जीव! एकाही शहाण्याच्या डोक्यात हे आलं नाही.

एका सकाळी दोर तुटला. लखू ऊर बडवत गावात आला, सगळा गाव रडला. येसू मात्र दोराचं टोक हातात घेऊन बघत राहिली. झिजलेला दोर तुटताना पिंजतो. हा एका घावात कापलेला होता. तिने पंचांना दाखवला, तर पंच म्हणाले, बाई दुःखाने भ्रमली. प्रेत कपारीत अडकलेलं, तिथे कुणाचा हात पोचेना. ते तिथेच सोडून पंचांनी पाटाचा मुहूर्त काढला.

येसू रोज कड्याखाली जायची आणि वर बघून शिव्या घालायची. लखूला, पंचांना, आणि टाकून गेला म्हणून धाकूलासुद्धा. अशीच एके दुपारी, लख्ख उन्हात, ती तोंड सोडून बसली असताना धाकू कडा उतरून खाली आला, असं सांगतात. अंगाला मेणाचा वास, डोळे थिजलेले, आणि बरगड्यांच्या आत माश्यांनी पोळं धरलेलं. श्वास नव्हताच. त्या घोंघावत होत्या तोवर तो होता, आणि बोलायचाही त्या घोंघावण्यातूनच.

"लांब बस, येसू. डसतील."

"डसू देत! जिता होतास तेव्हा काय कमी टोचून बोलायचास?"

ती जवळच बसली. हात सुजले, तोंड सुजलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तो पळसाच्या पानावर मध ठेवायचा, ती भाकरी न्यायची. त्याला खाता यायचं नाही. नुसती हातात धरून बसायचा. मेलेला असला तरी नवरा तिचा होता, आणि तिला तो हवा होता. त्यात लाजायचं काय?

सुजलेलं तोंड बघून लखूच्या मनात पाल चुकचुकली. पाटाच्या दिवशी येसू मांडवात आलीच नाही, तेव्हा तो पंचांना आणि पेटते टेंभे घेऊन इथे आला. बघतो तर धाकू येसूच्या शेजारी! पंचांची बोबडी वळली. येसू उठून म्हणाली, "विधवेचा पाट लावायला आलात ना? विधवा कुठाय? माझा नवरा हा बसलाय!"

"मढं आहे ते! जाळा!" लखू ओरडला. एका हाताने टेंभा पुढे केला, दुसऱ्याने येसूचे केस धरून तिला फरफटत ओढायला लागला.

माश्या गेल्या की आपण संपलो, हे धाकूला ठाऊक होतं. तरी त्याने दोन्ही हातांनी स्वतःच्या बरगड्या फाकवल्या. सगळं मोहोळ बाहेर पडलं आणि लखूवर तुटून पडलं. लखू पाण्यात उडी घ्यायला ओढ्याकडे धावला, पण तिथवर पोचला नाही, वाटेतच मेला. पंच वाट फुटेल तिकडे पळाले. येसूला त्या दिवशी एकही माशी डसली नाही. तिने वळून पाहिलं, तर हाडं होती, मेण होतं, आणि तिने आणलेली भाकरी होती.

"मेल्या, दोनदा टाकून गेलास मला!" म्हणून तिने हंबरडा फोडला.

मग डोळे पुसून ती गावात गेली. कुंकू पुसलं नाही. सुजल्या तोंडाच्या पंचांपुढे तिने ते कापलेलं टोक फेकलं आणि बजावलं, "आजपासून दोर बायकोचा भाऊ धरील. बहिणीचं कुंकू भावाला जड होत नाही." नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. माश्या कुठे गेल्या विचाराल, तर त्या दोघांच्या बसायच्या जागेच्या बरोबर वर, त्या सगळ्यात खालच्या कपारीत. तेच येसूचं पोळं.

आजही त्या पोळ्याखाली अर्धी भाकरी ठेवल्याशिवाय कुणी दोर बांधत नाही. उतरणारा आधी मोठ्याने विचारतो, "दोरावर कोण?" वरचा आपलं नाव सांगत नाही. "तिचा भाऊ," एवढंच म्हणतो. मगच हा कड्याबाहेर पाय टाकतो. ज्याच्या बायकोला भाऊ नाही, तो उपाशी राहील, पण इथे उतरणार नाही. आणि उतरणाऱ्याचा सख्खा भाऊ चुकून त्या दोराला शिवला, तर येसूचं पोळं घोंघावायचं थांबतं म्हणे. ते गप्प झालं की पळायचं.