उघडाईला छप्पर का नाही

सुरवेळच्या खाडीच्या तोंडाशी, पुळणीच्या जरा वर, काळ्या कातळाच्या चौथऱ्यावर आमची उघडाई बसली आहे. भोवती कमरेएवढा गडगा आहे, समोर तुळस आणि दीपमाळ आहे. वर मात्र नुसतं आभाळ. ऊन असो, वारा असो, आषाढातली झड असो, सगळं ती अंगावर घेते.

यंदाच्या वादळानंतर तुम्ही मंडळी आमची घरं उभी करायला एवढ्या लांबून आलात. टेम्पोतून पत्रे उतरवलेत आणि त्यातले पहिले देवीसाठी बाजूला काढलेत. "मावशी, आधी आईचं देऊळ करू," म्हणालात. तुमचा भाव मला कळला हो. पण हात जोडून सांगते, ते पत्रे परत उचला. देवीचं देऊळ या वादळानं नेलेलं नाही. ते नव्हतंच. का नव्हतं, एवढं ऐका आणि मग शाळेकडे चला. बसा इथे गडग्यावर.

फार जुनी गोष्ट आहे. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेली. तेव्हा देवीला उघडाई म्हणत नसत, खाडीआई म्हणत. सागवानी खांबांचं तिचं देऊळ होतं. आणि गावाची रीत अशी होती की आईच्या डोक्यावर छप्पर चढल्याशिवाय गावात कुणी आपलं घर शाकारायचं नाही. आधी आई, मग लेकरं. रीत वाईट नव्हती. दर उन्हाळ्यात माडाच्या झावळ्या विणून झाप करायचे, सकाळी देऊळ शाकारायचं आणि दुपारपासून घरं. कुणाचं काही अडत नसे.

मग एका वैशाखात दर्यानं असं वादळ धाडलं म्हणे, की माड मुळासकट उपटून खाडीत वाहत आले आणि होड्या भाताच्या खाचरांत जाऊन बसल्या. गावात एका घरावर छप्पर राहिलं नाही. देवळाचंही उडालं. वर देवळाच्या आढ्याचा वासा मधोमध मोडला.

घोडं अडलं ते तिथे. तसा वासा देवराईतूनच आणायचा. त्यासाठी देवीला विचारायचं, मुहूर्त काढायचा, झाड पाडायचं, सुकवायचं. आणि मृग तर तोंडावर आलेला. गावचे मानकरी धर्माजी. माणूस वाईट नव्हता. त्याचं स्वतःचं घर उघडं होतं, त्याची म्हातारी आई आंब्याखाली बसून होती. पण तो म्हणाला, "दर्या आधीच कोपलाय. आता रीत मोडली तर उरलंसुरलंही जाईल." लोकांना पटलं. बायकांनी रात्रंदिवस झाप विणले आणि देवळाच्या अंगणात रचून ठेवले. झापांचे ढीग माणसापेक्षा उंच झाले, आणि माणसं उघड्यावर बसून वाशाची वाट पाहत राहिली.

त्या गावात आवडा नावाची भंडाऱ्याची विधवा होती. व्रतवैकल्यांची बाई. तिचे सोमवार कधी चुकले नाहीत, शुक्रवार चुकले नाहीत. शेजारच्या पोराला ताप आला तरी उपास ही धरायची. तिचा मुलगा दूरच्या बंदरावर कामाला होता, आणि सून मथुरा दिवस भरलेली. वादळानंतर पालथ्या घातलेल्या होडीखाली मथुरा बाळंत झाली. मुलगी झाली. होडीच्या फळ्यांमधून वारा आत यायचा आणि ती इवलीशी पोर खोकायची. पाऊस पडला तर ती जगायची नाही, हे आवडाला दिसत होतं. कुणालाही दिसत होतं.

खाडीच्या पलीकडे पैलाड. तिथे डोंगराचा आडोसा, म्हणून पैलाडची बरीच घरं वाचली होती. पण पैलाडचं आणि आमचं देवीच्या पालखीच्या मानावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा कुणी पीत नसे. आणि एका सकाळी, कुणी बोलावलेलं नसताना, पैलाडच्या होड्या आल्या. झाप, सुंभ, बांबू भरून. पुढच्या होडीत कृष्णाबाय म्हणून एक धिप्पाड बाई. मंडळी गुडघाभर पाण्यात उतरली.

"पाय ठेवू नका!" धर्माजी पुळणीवरून ओरडला. "आईचं छप्पर झाल्याशिवाय गावात काम नाही. आणि आईच्या छपराला तुमचा हात लागायचा नाही."

"मग आम्ही काय इथे शिंपल्या वेचायला आलो?" कृष्णाबाय म्हणाली.

"आल्या वाटेनं जा."

"जमीन तुमची, धर्माजीबाबा, मान्य. पण पाणी कुणाच्या बापाचं नाही. आम्ही पाण्यातच उभी राहतो."

आणि ती मंडळी खरोखर उभी राहिली. भरती चढू लागली. पाणी गुडघ्यावरून मांडीला आलं, मांडीवरून कमरेला. भिजू नयेत म्हणून त्यांनी झाप डोक्यावर धरले होते. कुणी हललं नाही.

आवडा हे होडीशेजारून पाहत होती. तिनं पोरीला पदरात गुंडाळलं आणि ती तडक देवळाकडे निघाली. मोडक्या देवळात देवी बसली होती, पिढ्यांच्या शेंदरानं माखलेली, नुसता एक लाल गोळा. आवडानं रोजच्यासारखं हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकलं. मग ताठ उभी राहून मोठ्यानं बोलली. तिचे शब्द आमच्या घरात जसेच्या तसे सांगतात.

"आई, आजवर तुझ्याकडे मागत आले. आज मागत नाही, सांगते. या दोन्ही काठांवर एक जरी घर उघडं असेल, तोवर तुझ्या डोक्यावर छप्पर चढायचं नाही. लेकरू भिजतंय आणि आई कोरडी बसलीय, अशी आई मी बघितली नाही. तू तशी असलीस तर आत्ता मला ने. नसलीस तर आमच्याबरोबर भिज."

गुरवाच्या हातातली घंटाच गळाली. "आवडे! अगं, देवीला दटावतेस?"

"दटावत नाही, भाऊ. नवस बोलते. फेडायचा मी आणि सोसायचा तिनं."

वीज पडली नाही, जमीन फाटली नाही. पदरातली पोर तेवढी शिंकली म्हणे.

मग आवडानं देवीच्या ढिगातला वरचा झाप उचलला. तो डोक्यावर घेऊन ती पुळण उतरली, कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि कृष्णाबायला म्हणाली, "चल गो बाय. शाळेच्या भिंती उभ्या आहेत. सगळी बाळंतिणी-पोरं तिथे मावतील. आधी ती झाकू."

धर्माजी वाट अडवून उभा राहिला. तेवढ्यात आंब्याखालून त्याची म्हातारी काठी टेकत आली.

"धर्म्या, माझ्या डोक्यावर काय आहे रे?"

"आये, तू मध्ये पडू नको."

"आंबा आहे! त्याची पानं मोजून माझे डोळे गेले. आईचा मान राखतोस ना? मग ही आई काय वाटेवर सापडली तुला? सर बाजूला." आणि तिनंही एक झाप उचलला. धर्माजी सरला. मग सगळं गावच त्या ढिगाकडे धावलं.

पंतोजींच्या शाळेवर पहिला झाप कृष्णाबायनं बांधला. मथुरा आणि पोर त्या झापाखाली गेली. मग एकेक घर. सुरवेळच्या आढ्यांवर पैलाडची माणसं चढली, आणि सुरवेळची माणसं होड्यांत बसून पलीकडची मोडलेली घरं बांधायला गेली. एकाच हंड्यातली पेज सगळ्यांनी प्यायली. पाऊस वेळेआधीच आला तेव्हा एक घर उरलं होतं, धर्माजीचं. ते भर पावसात शाकारलं. आढ्यावरून कृष्णाबाय हाका मारत होती, "मानकरी, सुंभ धरा नीट! तुमचंच घर बांधतोय, आमचं नाही!"

मग झड लागली. देवळाला वासा नाही, झाप संपलेले, देवी उघड्यावर. घराघरांत माणसं कोरडी होती, पण झोप कुणाला नव्हती. आवडालाही नसणार. नवस बोलणं सोपं, त्याच्याखाली झोपणं अवघड. शेवटी धर्माजीला राहवलं नाही. रीत मोडली ती मोडली, निदान इरलं तरी आईवर धरू, म्हणून तो पावसात देवळाकडे आला आणि इरलं हातात तसंच धरून थबकला.

पावसानं शेंदराचं ते जाडजूड कवच गळून पडलं होतं. आतली मूर्ती कुणाच्या आज्या-पणज्यांनीही पाहिलेली नव्हती. लोक समजत होते, देवीच्या हातात ढाल आहे आणि जुनेपणानं ती पुढे कलली आहे. ढाल नव्हती. तिच्या मांडीवर मूल होतं. आणि ती कलली नव्हती, वाकली होती. दर्याकडे पाठ करून, मुलावर ओणवून, पाऊस सगळा पाठीवर घेत होती. पाणी तिच्या खांद्यांवरून ओघळत होतं आणि मांडीवरचं मूल कोरडं होतं.

धर्माजीनं इरलं खाली ठेवलं आणि तो तिच्या शेजारी भिजत बसला. गाव जमलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हिला छप्पर कसलं घालता? हीच छप्पर आहे."

आवडाची ती नात जगली. तिचंच नाव पुढे आमच्या घरात चालत आलं.

आजही उघडाईला छप्पर नाही. झाप गेले, कौलं आली, आता पत्रे आले. पण आजही सुरवेळच्या घरावर पहिला पत्रा पैलाडचा हात चढवतो आणि पैलाडच्या घरावर आमचा. आपल्या घरावर आपण पहिलं चढायचं नाही. वादळानंतर आजही आधी शाळा, मग घरं. मुंबईहून कुणी संगमरवरी देऊळ बांधायला येतो, तेव्हा आम्ही म्हणतो, दोन्ही काठ फिरून या, एकही घर उघडं दिसलं नाही तर त्या दिवशी बांधा. तो दिवस अजून आलेला नाही. येईल. मी त्यासाठी सोमवार धरलेत. तोवर आई भिजेल आणि आम्ही बांधत राहू. दर्यानं कितीदा यायचं ते त्यानं ठरवावं.

पाहा, पैलाडच्या होड्या केव्हाच लागल्यात आणि माणसं शाळेच्या वाशांवर चढलीयत. पण थांबलीयत, तुमच्यासाठी. एवढ्या लांबून न बोलावता आलात म्हणजे आमच्या लेखी तुम्ही पैलाडचेच. शाळेवरचा पहिला पत्रा यंदा तुमच्या हातचा.

उचला ते. आभाळ भरून आलंय म्हणता? येऊ दे की. आई बसलीय.