दंडातली प्लेट मोडली तर

"आणि मोडली तर?"

लिंबाजीबुवांनी मान वर केली नाही. मठाच्या ओट्यावर बसून ते केरसुणी बांधत होते. पुढ्यात वाळक्या गवताचा ढीग होता.

"काय मोडली तर?"

"प्लेट. माझ्या दंडातली."

दीपमालाचा डावा हात गळ्यातल्या पट्ट्यात होता. पोर ज्या कडेवर बसते, नेमका तोच हात.

पावसाळ्याआधी कुरडयांचं ताट घेऊन ती गच्चीच्या जिन्यावरून पडली होती. दंडाचं हाड मधोमध मोडलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी आत प्लेट घालून स्क्रूने आवळली. आता पाचवा महिना चालू होता. हाड जुळलंय, पट्टा काढा, पोरीला उचला, असं डॉक्टर सांगून सांगून थकले होते.

तिने पट्टा काढला नव्हता.

"अंगारा मी घेणार नाही," ती म्हणाली. "आधीच सांगते. गंडादोरा पण नको."

"मी कुठे काय देतोय…"

"लोक देतात. म्हणून सांगितलं."

शेजारी तिची नणंद वैजू बसली होती. मांडीवर दीपमालाची छबी. टेकडी चढताना छबीला वैजूनेच आणलं होतं. घरातसुद्धा तीच उचलायची.

"बुवा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," वैजू म्हणाली. "आमची वहिनी देवळातली घंटासुद्धा आधी टिचकी मारून बघते. मग वाजवते."

"वैजू, तू गप."

बुवांनी एक जुडी सारखी केली. जमिनीवर ठोकली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तेच तर!" दीपमाला पुढे सरकली. "मी विचारलं, किती वजन पेलते ही? तर म्हणाले, कारखान्यात अशा प्लेटा मशीनमध्ये धरतात. वाकवतात, सोडतात, परत वाकवतात. लाखो वेळा. मोडेपर्यंत."

"मग?"

"म्हणजे मोडतेच ना शेवटी!"

बुवा हसले. आवाज न करता.

"हसू नका. पुढे ऐका. मी म्हटलं, मग चांगली जाड का नाही बसवली? तर म्हणे, फार ताठ प्लेट चांगली नसते. सगळा भार तीच घेते आणि हाड आळशी होतं. थोडी लवचीक लागते. आता लवचीक म्हणजे पातळच ना, बुवा? भांड्याच्या दुकानात पातेलं पातळ निघालं की तो माणूसही असंच काहीतरी सांगतो."

"वहिनीने चुंबकसुद्धा लावून बघितलं," वैजू म्हणाली. "फ्रिजवरचं. बदकाचं."

"लावलं. मग? चिकटलं का? नाही चिकटलं."

"डॉक्टरांना विचारलंस?" बुवा म्हणाले.

"विचारलं. म्हणाले, अशा प्लेटला चुंबक चिकटतच नाही." तिने ओठ मुडपले. "मी काही बोलले नाही. पण सोयीचंच आहे की. चिकटलं असतं तर म्हणाले असते, बघा, अस्सल आहे."

बुवांनी काथ्याचा तुकडा दातात धरला आणि जुडी आवळली.

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, हाड जुळलं नाही तर जगातली कुठलीच प्लेट टिकत नाही. आणि जुळलं तर तिला फारसं काम राहत नाही." ती थांबली. "बघा, कसं बोलतात. दोन्हीकडून स्वतःची सुटका."



छबीने वैजूच्या गळ्यातली माळ तोंडात घातली. वैजूने ती हळूच सोडवली. ते दीपमाला बघत होती. मग तिने नजर वळवली.

"हात दुखतो का?" बुवांनी विचारलं.

"दुखत नाही."

"मग?"

"वाजतो. कूस बदलली की आत कट् असं होतं."

"मला कधी ऐकू आलं नाही," वैजू म्हणाली.

"तुला कशाला ऐकू येईल? तुझ्या हातात थोडीच आहे…" दीपमालाचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. "बुवा, मला माझ्या हाताचं काही नाही. मोडला तर मोडला. पण पोर कडेवर असताना मोडला तर? खाली फरशी आहे आमच्याकडे."

बुवांनी पहिल्यांदा मान वर केली.

"परवा," ती म्हणाली, "छबी आई म्हणाली. पहिल्यांदाच."

"बरं झालं की…"

"हिला म्हणाली."

वैजूने मान खाली घातली. "वहिनी, मी किती वेळा सांगितलं. तिला काय कळतं अजून? मी तिला रोज शिकवते, आई तिकडे आहे, ती बघ आई…"

"शिकवतेस. तुझ्या कडेवर बसवून."

कुणीतरी खाली ओढ्याकडे म्हशीला हाक मारत होतं.

मग दीपमालाने पदर सारखा केला.

"तर बुवा, मला एकच सांगा. गोड बोलू नका. ही प्लेट मोडेल का नाही?"

"मोडेल," बुवा म्हणाले.

"बुवा!" वैजू ओरडली. "अहो, आधीच ती…"

पण दीपमाला चिडली नाही. उलट तिचे खांदे सैल झाले. पाच महिन्यांत सगळे तिला नाही मोडत, नाही मोडत म्हणत होते, आणि तिचा एकावरही विश्वास बसला नव्हता.

"निदान कुणीतरी खरं बोललं," ती म्हणाली. "मग आता मी काय करू?"

बुवांनी ढिगातून एक काडी उपसली. तिच्याकडे बघितलं. बाजूला ठेवली.

तेवढ्यात छबी वैजूच्या मांडीवरून घसरली. रांगत ओट्याच्या खांबापाशी गेली. खांबाला धरून उभी राहिली.

"चालते का?"

"धरून चालते," दीपमाला म्हणाली. "सोडलं की बसते."

"धरतं कोण?"

दीपमालाने वैजूकडे बघितलं.

बुवा उठले. बाजूला ठेवलेली काडी उचलून ते खांबापाशी गेले आणि छबीपुढे उकिडवे बसले. काडीचं एक टोक त्यांनी तिच्यापुढे धरलं.

छबीने बघितलं. खांबावरचा एक हात सोडला. काडी धरली. मग दुसरा हात सोडला.

बुवा उकिडवेच मागे सरकू लागले.

छबीने पाऊल टाकलं. मग आणखी एक.

"बुवा," दीपमाला दबक्या आवाजात म्हणाली, "अहो काडी आहे ती! गवताची!"

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

काडी ताणलेलीसुद्धा नव्हती. मधे खाली झुकली होती. छबीने मात्र ती अशी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली. डुलत, फेंगडे पाय टाकत ती पुढे येत होती. ओट्याचा अर्धा भाग मागे पडला.

बुवांनी आपल्या हातातलं टोक सोडलं आणि ते तिच्या वाटेतून बाजूला सरकले.

छबीला कळलं नाही. काडी मुठीत धरून ती तशीच चालत राहिली. चटईची कड ओलांडली. थेट दीपमालासमोर येऊन उभी राहिली.

मग तिने मागे वळून बघितलं. बुवा लांब होते.

तिचा चेहरा बदलला. ती डुलली. दोन्ही हात वर केले.

वैजू सवयीने उठली. बुवांनी तिच्याकडे तळहात केला… बस.

वैजू अर्धी उठलेली, तशीच थांबली.

पुढचं कुणालाच नीट दिसलं नाही. एवढंच दिसलं, की छबी फरशीवर पडली नाही. दीपमाला उभी होती, छबी तिच्या डाव्या कडेवर होती, आणि गळ्यातला पट्टा रिकामा लोंबत होता.

छबीने आईच्या मानेत तोंड खुपसलं. वैजू पदराने डोळे पुसत हसत होती.

"बघितलंस?" ती म्हणाली. "बघितलंस ना वहिनी?"

दीपमाला हलली नाही. श्वास रोखून उभी होती.

"बुवा…"

"हं."

"वाजलं."

"काय?"

"कट् झालं. आत्ता. तिला छातीशी धरलं तेव्हा. तुम्ही ऐकलंत ना?" तिच्या कपाळावर घाम आला होता. पण पोरीभोवतीचा हात तिने सोडला नव्हता. "आता तरी खरं सांगा. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

वैजूचं हसू थांबलं.

बुवा उठून जवळ आले. पोरीची मूठ आईच्या आणि तिच्या मधे दाबली गेली होती. त्यांनी ती हलकेच बाहेर काढली. एकेक बोट उघडलं.

तळहातावर काडीचे दोन तुकडे होते.

"मी म्हटलं होतं ना," बुवा म्हणाले, "मोडेल."