हाकेचा जुवा

शेवरेबंदरची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे मधोमध एक लहानसं बेट आहे. आमच्याकडे अशा बेटाला जुवा म्हणतात. भरतीला त्याच्या चारी बाजूंनी पाणी असतं. ओहोटीला मात्र किनाऱ्यापासून तिथपर्यंत वाळूची एक वाट वर येते, घोट्याएवढ्या पाण्यातून कुणीही चालत जावं अशी. जुव्यावर सुरंगीचं एक झाड आहे आणि झाडाखाली गोड्या पाण्याचं डबकं. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये हे गोडं कसं, असं पाहुण्यांनी विचारलं की होडी वल्हवणारे वामन तांडेल वल्ही आत घेतात आणि सगुणेची गोष्ट सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट. कुणाचं राज्य होतं ते कुणाला आठवत नाही. एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदाच समुद्रात गेलेल्या होड्या वादळात सापडल्या. काही परतल्या, बऱ्याच परतल्या नाहीत. सगुणेचा धाकटा भाऊ सोमा गेला. आईबापांमागे तिने त्याला वाढवलेला. घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्या काळी गावात अशी रीत होती म्हणे, की समुद्रात गेलेल्याला घरच्या माणसाने तिन्हीसांजेला किनाऱ्यावर उभं राहून नावाने हाक मारायची. पूर्वी एखाददुसरी हाक असे. त्या वर्षी मात्र सांज झाली की सगळा किनारा हाकांनी भरून जाई. मुलं दचकून रडत. जाळी तशीच पडून राहिली. आणि एका सांजेला भानू नावाचा तरणा गडी, कुणी आपल्याला ओ दिली असं म्हणत, सरळ पाण्यात चालत गेला. छातीएवढ्या पाण्यातून त्याला ओढून काढावा लागला. ओढणाऱ्यांनीही नंतर कबूल केलं, की ओ त्यांनाही ऐकू आली होती.

तेव्हा गावकी बसली. रवळू तांडेल हा गावचा मुख्य. शब्दाचा पक्का, कुणाचं वाईट न चिंतणारा. त्याचा एकुलता एक मुलगा सोमाच्याच होडीवर होता. रवळूने सांगितलं की मेलेल्यांना मारलेल्या हाकांनी जिवंत माणसं ओढली जाताहेत. आजपासून गेलेल्यांचं नाव कुणी घेऊ नये, किनाऱ्यावर नाही आणि घरातही नाही. मग त्याने वल्ह्याने वाळूत एक रेघ ओढली. ज्याला मान्य असेल त्याने पलीकडे जावं.

एकेक करून माणसं पलीकडे गेली. कुणी मान खाली घालून, कुणी डोळे पुसत. पुरुष बुडालेल्या घरातून बाईने यायचं, म्हणून सगुणाही आली होती. तिला कळत होतं की गाव घाबरलंय आणि त्या भीतीत काही खोटं नाही. पाऊल टाकावं असं तिला वाटतही होतं. पण पाय उचलेना. रोज संध्याकाळी भात वाढताना ती सवयीने 'सोमा, ये रे' म्हणत असे, आणि ते म्हटल्यावरच तिच्या घशाखाली घास उतरत असे. ते एवढंसं सोडलं तर आपल्याजवळ आपलं म्हणून काय उरेल, हे तिला कळेना.

रवळू म्हणाला, "सगुणा, सगळो गाव एका बाजूक उभो आसा. तू एकटी थंय काय करतंस?"

"काका, किनारो गावाचो," सगुणा म्हणाली. "थंय मी तोंड उघडूचंय नाय. पण माझ्या चुलीपुढे मी कोणाक हाक मारतंय, ता गावान कित्याक ठरवूचा?"

"एकान मोडला की सगळ्यांनी मोडला, बाय."

तिने रेघ ओलांडली नाही. गावाने तिला वाळीत टाकलं. विस्तव बंद, पाणी बंद, बोलणं बंद. एक मडकं, थोडे तांदूळ आणि कोयता घेऊन ती ओहोटीला जुव्यावर गेली. सुरंगीखाली तिने झावळ्यांचं खोपटं बांधलं. तहान लागली तेव्हा कोयत्याने वाळू उकरली, आणि हात ओला झाला तो गोड्या पाण्याने. तेच हे डबकं, असं सांगतात.

खाडीवरचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच नीट उमगलं नाही. पाणी यायचं, जायचं. बगळे तिच्या अंगणात मुक्काम करायचे. सांजेला ती चुलीपुढे बसून हळू आवाजात भावाला बोलावी. आभाळ आणि खाडी एकाच रंगाची होऊन जात, आणि आपण नेमक्या कुठे बसलोय, पाण्यावर की पाण्याखाली, असा तिला भास होई.

मग एका ओहोटीला शेजारची भागी आली. शिंपल्या वेचण्याचं निमित्त होतं. ती खोपट्याशी बसली, आणि बसल्या बसल्या तिने आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं, एकदाच, वाफेसारखं. जाताना म्हणाली की कुणाला सांगू नको. पुढे दुसरी आली. मग भानूची आई. मग बाप्ये यायला लागले, म्हातारेही. प्रत्येकजण एकटा येई, आपल्या माणसाचं नाव उच्चारी आणि कुणाला सांगू नको म्हणून परत जाई. सगुणेने कुणाला सांगितलं नाही. किनाऱ्यावर तीच माणसं तिच्याकडे पाठ करून उभी राहत, तेव्हा तिला राग येई. मग कीवही येई.

मार्गशीर्षातल्या एका सांजेला खाडीवर असं धुकं उतरलं की हाताला हात दिसेना. आज आपल्याला कोण बघणार, असं ज्याच्या त्याच्या मनात आलं असावं. सगुणेला वाळूवर पावलं वाजलेली ऐकू आली, मग आणखी पावलं. धुक्यात चारी बाजूंनी नावं उमटू लागली, अगदी खालच्या आवाजात, पाण्यात खडे पडावेत तशी. इतक्यात जमिनीकडून वारा सुटला आणि धुकं एका बाजूला सरलं. अख्खा गाव जुव्यावर उभा होता. प्रत्येकजण एकटाच आला होता.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग कुणीतरी रडलं, कुणाला हसू आलं. रवळू तांडेल मात्र वाटेवरच थांबला होता, घोटाभर पाण्यात, ओठ घट्ट मिटून.

गावकी तिथेच, ओल्या वाळूत बसली. बंदी उठली, हे कुणी बोलूनही दाखवलं नाही. भानू तेवढा पुढे झाला. आता दरवर्षी याच सांजेला सगळ्यांनी इथे यायचं, तो म्हणाला. आपलं माणूस ज्याने त्याने नावाने बोलवायचं, आणि जो बोलवणार नाही तो गावाचा नाही. सगळ्यांनी होकार दिला. सगळ्यांचे डोळे रवळूकडे वळले.

रवळू काही तरी बोलू पाहत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "माका जमूचा नाय."

कुरबूर सुरू झाली. ज्याने आमची तोंडं बंद केली त्याचं तोंड आता उघडलंच पाहिजे, असं एक दोघे म्हणाले. तेव्हा सगुणा उठली आणि पाण्यात जाऊन रवळूशेजारी उभी राहिली.

"तेवा तुमी माका बोलू नको म्हटलास," ती म्हणाली. "आता काकाक बोल म्हणतास. दोनय एकच."

रवळूने तिच्याकडे पाहिलं नाही. भरतीचं पाणी वाटेवर चढू लागलं होतं, म्हणून ठरवायचं ते लवकर ठरलं: किनाऱ्याचं गावाने ठरवावं, चुलीचं चुलीने. सगुणेला गावाने परत बोलावलं. ती लगेच गेली नाही; तिला वाटलं तेव्हा, फाल्गुनात केव्हातरी गेली. त्यावर मात्र गावाने रेघ ओढली नाही.

आजही शेवरेबंदरात सभा भरली आणि हात वर व्हायची वेळ आली की कुणीतरी म्हातारं माणूस विचारतं, "किनाऱ्याचा की चुलीचा ह्या?" चुलीचं निघालं तर विषय तिथेच सुटतो. आणि मार्गशीर्षातल्या त्या सांजेला ओहोटीची वाट उघडी पडली की ज्यांना जायचं ते जुव्यावर जातात. काही घरांतून कुणीच जात नाही; दारं नुसती लोटलेली असतात. त्या घरांवरून जाताना माणसं बोलणं थांबवतात आणि पावलं हलकी टाकतात.