रिकाम्या पाकिटातली सुंदरी

विषय : स्वतंत्र संगीतकार व छोट्या ध्वनिमुद्रण संस्थांसाठीचा पुरस्कार, सोलापूरच्या शमीम बारगीर यांचा अर्ज.

सनईची धाकटी बहीण सुंदरी. ती वाजवणाऱ्या आजारी चिदानंदअण्णांची सीडी शमीमबाईंनी काढली. डोळे मिटण्याआधी कुणा जाणत्यानं ती ऐकावी, एवढीच अण्णांची इच्छा होती.

मुलाखतीत समितीचे अध्यक्ष म्हणाले, "दोनदा ऐकली, बाई. सूर कच्चा आहे हो."

"दोनदा?" शमीमबाईंनी पिशवीतून सीडी काढली. "साहेब, पाकिटं मी घरीच भरते. तुमच्या पाकिटात सीडी घालायची राहिली होती. तीच द्यायला आलेय."

अध्यक्षांनी पाणी मागवलं. मग शेरा मारला : ‘सीडी मिळाली. कलावंताने समक्ष हजर राहावे.’

अण्णा श्रावणात वारले. हजर राहण्याबाबत त्यांचं उत्तर आलेलं नाही. अर्ज विचाराधीन आहे.